चुकलो तर साखर जाईल

आमचे डॉक्टर रागावले की समोरच्याला 'आपण' म्हणत. एरवी ओळखीचा कुणीही असो, वॉर्डाचा नगरसेवक असो की दूधवाला, सरळ अरे-तुरे. मला तर नावही नव्हतं. मी मनोविकारतज्ज्ञ, म्हणून माझी हाक 'अगं मनोविकार'. "अगं मनोविकार, चहा घेणार का?" असं भर दवाखान्यात ओरडायचे आणि माझ्या खोलीबाहेर संकोचून बसलेली माणसं आणखी अंग चोरून बसायची. पण कुणाला त्यांनी "आपण जरा बसावं" म्हटलं की अख्खा दवाखाना चिडीचूप. मला त्यांनी चार वर्षांत एकदाच 'आपण' म्हटलं. नवरात्राचे दिवस होते आणि एका तेवीस वर्षांच्या मुलीचा जीव माझ्या चुकीमुळे टांगणीला लागला होता. ते एकदम लिहायला आजही धजत नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच चार गोष्टी सांगते.

दवाखाना कसबा पेठेत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत, पहिल्या मजल्यावर. खाली सकाळपासून ठोकाठोक. त्या आवाजात स्टेथोस्कोप कानाला लावून काय कपाळ ऐकू येणार? म्हणून डॉक्टरांचा नियम होता, छाती एक ते दोन. एक वाजता कारागीर जेवायला बसले की वर छातीची तपासणी सुरू. सकाळी आलेल्याचं पोट, जीभ, नखं, डोळे सगळं बघून त्याला छातीसाठी बाकावर बसवून ठेवत. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "घाई असेल तर दुसरीकडे जा. तिथं खाली ठोकत नाहीत. मात्र वर ऐकतही नाहीत." लोक बसून राहत. मला तो शुद्ध विक्षिप्तपणा वाटायचा. दवाखाना हलवावा, काचा बसवाव्यात, एवढं साधं सुचत नाही का या माणसाला?

दुसरी गंमत म्हणजे सकाळचा पहिला अर्धा तास ते स्वतःच बाहेरच्या बाकावर बसत. पांढरा कोट त्यांनी कधी घातला नाही. चुरगळलेला सदरा, हातात पिशवी. नवख्याला वाटे, हाही पेशंटच. "डॉक्टर फार उशीर करतात हो," अशी तक्रार कुणी केली की हे मान डोलावत, "शिस्तच नाही मेल्याला." आणि मग हळूच, "तुम्हाला काय होतंय?" माणूस बाकावर जे सांगतो ते टेबलापुढे सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकापाशी त्यांनी वर्तमानपत्र ठेवू दिलं नाही. पेशंट वाचायला लागला की त्याचा चेहरा दिसत नाही, म्हणायचे.

आणि 'टेन्शन' या शब्दाला बंदी. ते दिवस असे होते की पुण्यात ज्याला त्याला टेन्शन. हडपसरला आयटी पार्क उभे राहिले, कोथरूडमधली पोरं रात्रीच्या पाळीला जाऊन अमेरिकेतल्या लोकांशी बोलायला लागली, बापाला निवृत्त होताना मिळाला नसेल एवढा पगार पोराला पहिल्या महिन्यात. डोकं दुखलं, टेन्शन. पोट बिघडलं, टेन्शन. डॉक्टर अशा माणसाला जिन्यापर्यंत परत पाठवत. "तो शब्द तिथं चपलांपाशी काढून ठेव आणि मग ये. आल्यावर मला फक्त काय होतं ते सांग. का होतं ते मी बघतो." बिचारा जिन्यात उभा राहून तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवायचा. तोवर चार नवे तपशील बाहेर पडायचे.

मी तिथं कशी आले ते सांगते. एमडी होऊन वर्षही झालं नव्हतं. कोथरूडला एका सोसायटीत काचेच्या दाराचा दवाखाना थाटला होता आणि त्या दारातून फारसं कुणी आत येत नव्हतं. माझ्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, कसब्यात एक म्हातारे फिजिशियन आहेत, दुसरी खोली रिकामी आहे, आठवड्यातून तीन दिवस बस. भाड्याचं विचारलं तर म्हातारबुवा म्हणाले, "भाडं म्हणून रोज एक पेशंट मला सांगायचा. पहिल्यापासून. तू काय विचारलंस, त्यानं काय सांगितलं, तुला काय वाटलं. खोटं बोललीस तर खोली रिकामी करायची." मी हसले. परीक्षा पास होऊन आलेली मी, मला पुन्हा तोंडी परीक्षा?

पण त्या परीक्षांनी मला रडवलं. एकदा मी मोठ्या रुबाबात सांगितलं, संगणकवाला मुलगा, छाती धडधडते, झोप नाही, घाबरं होतं, वजन उतरलंय, भीतीचे झटके. डॉक्टर उठले, त्या मुलाला हात पुढे करायला लावले आणि पसरलेल्या बोटांवर प्रिस्क्रिप्शनचा कोरा कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. "मनाला काही झालेलं नाही ह्याच्या. गळ्याला झालंय," म्हणाले. तपासणीत थायरॉईड निघालं. उलटही व्हायचं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हृदयाच्या तपासण्यांची जाडजूड फाईल घेऊन आले होते. डॉक्टरांनी एक ते दोनमध्ये त्यांची छाती ऐकली आणि त्यांना हाताला धरून माझ्या खोलीत आणून बसवलं. "ह्याचं हृदय ठणठणीत आहे. बायको जाऊन सहा महिने झाले आणि हा अजून रडलेला नाही. तुझा पेशंट." गृहस्थ माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले.

"पहिला विचार म्हणजे निदान नव्हे," ते म्हणत. "पहिला विचार पेशंटचा शेजारीही करतो. त्याला आपण डिग्री देतो का?"

मी हे ऐकून घेत होते, वहीत टिपतही होते. आणि तरीही जे व्हायचं ते झालं.

त्या मुलीला घेऊन तिचे वडील आले ते नवरात्राच्या पाचव्या माळेला. हडपसरच्या पुढच्या एका गावातली मंडळी. गाव आता शहरात आलेलं. तिच्या आजोबांनी जिथं ऊस लावला त्या रानात काचेची इमारत उभी होती आणि त्याच इमारतीत मुलगी प्रोग्रॅम तपासायच्या कामाला होती. घरातली पहिली पदवीधर. ती माझ्यासमोर बसली ती अस्वस्थ, भराभर बोलत, मध्येच रडत, खिडकीकडे बघून दचकत. चार रात्री झोप नाही. आदल्या दिवशी घरी केस मोकळे सोडून किंचाळली, आईच्या अंगावर धावून गेली. शेजारणी हळदीकुंकू घेऊन पाया पडायला आल्या होत्या.

"ताई, तिच्या अंगात येतंय असं म्हंत्यात," वडील म्हणाले. "गेल्या साली बी नवरात्रातच..."

मी हात वर केला. "देवाचं इथं काही नको. फक्त आजाराचं सांगा."

हे मी का केलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. त्यांच्या मोठ्या बहिणीला तरुणपणी 'अंगात येतं' म्हणून देवरुष्यानं चाबकानं फोडलं होतं. त्या आत्याआजीच्या पाठीवरचे वळ मी लहानपणी पाहिलेत. बाबा पाटबंधारे खात्यात अधिकारी झाले, तरी 'अंगात आलं' हा शब्द घरात कुणी चेष्टेनं उच्चारला तरी त्यांचा चेहरा बदलायचा. मी मनोविकाराकडे वळले त्यामागे ती पाठ आहे. माझ्या टेबलावर देवीला थारा नाही, हे मी स्वतःला बजावूनच दवाखाना उघडला होता. त्यात काही चूक नव्हती. आजही नाही. चूक ही झाली की देवी बाहेर ठेवता ठेवता मी नवरात्रही बाहेर ठेवलं.

वडील गप्प झाले. मुलगी म्हणाली, पोटात दुखतंय. मी लिहून घेतलं. वाढलेली बडबड, उडालेली झोप, भास, आक्रमकपणा. उन्माद. अगदी पुस्तकातला. मन स्थिर ठेवणारं एक औषध लिहून दिलं, जे फिट्सवरही वापरतात. वीस मिनिटांत काम झालं आणि मला स्वतःचा अभिमान वाटला, कारण एका मुलीला मी देवरुष्याच्या हातून सोडवलं होतं.

संध्याकाळी भाडं द्यायला बसले. डॉक्टर शेंगा सोलत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "जेवते काय?"

"व्यवस्थित," मी म्हणाले.

मी विचारलंच नव्हतं. उशीर झाला होता, कोथरूडला जायचं होतं, आणि हा प्रश्न ते प्रत्येक पेशंटला विचारत, म्हणून मला त्याचा कंटाळा आला होता. एक शब्द. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

आठव्या माळेला सकाळी अकराच्या सुमारास माझा मोबाइल वाजला. हडपसरच्या एका छोट्या हॉस्पिटलमधला ड्यूटीवरचा डॉक्टर. तुमची पेशंट आलीय, पहाटे फिट आली, लघवी अडकली होती म्हणून नळी घातलीय, आणि आता हातपाय उचलत नाही. तुमच्याच कागदावरून नंबर मिळाला. मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांच्यापुढे एक पेशंट शर्ट काढून बसला होता. मी सांगितलं. "हातपाय उचलत नाही?" त्यांनी एवढंच विचारलं आणि उठून चपला घालायला लागले. पेशंटला म्हणाले, "शर्ट घाल. उद्या ये."

डॉक्टर पेठेबाहेर सहसा जात नसत, गेले तर पायी. त्या दिवशी ते माझ्या स्कूटीवर मागे बसले, पिशवी मांडीवर घेऊन. रस्त्यावर मरणाची गर्दी. पहिल्या सिग्नलला मागून प्रश्न आला, "पोट दुखत होतं का?" मी हो म्हणाले. पुढच्या सिग्नलला, "शौचाला?" माहीत नाही. "नाडी?" जोरात होती, मी घबराटीवर घातली. पुढे एका पुलाखाली गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्नच्या गदारोळात त्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "जेवणाचं आपण विचारलं होतं का?"

आपण.

"नाही," मी म्हणाले.

हॉस्पिटल येईपर्यंत मी दोनदा गाडी बाजूला घेऊन पळून जावं असा विचार केला. खरंच केला.

मुलगी कॉटवर उताणी पडली होती. डोळे उघडे, भीतीनं भरलेले. हात उचल म्हटलं तर बोटं तेवढी हलायची. बाजूला ड्यूटीचा तरुण डॉक्टर इंजेक्शन भरून तयार होता. फिट पुन्हा येऊ नये म्हणून झोपवून टाकणारं जुनं, भरवशाचं औषध. त्याचं काही चुकत नव्हतं. माझ्या कागदावर लिहिलं होतं त्यावरून कुणीही तेच केलं असतं.

"थांब रे जरा," डॉक्टर म्हणाले आणि कॉटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आईकडे वळले. "बाई, हिनं शेवटचं अन्न कधी खाल्लं?"

आईनं पदर तोंडाला लावला. "घट बसल्यापास्नं लवंगेवर हाय. दिसाला दोन लवंगा आन् पानी. नोकरी लागू दे म्हणून मी नवस बोलले व्हते, पर आता तीच करती. लई कडक करती."

"फराळ? साबुदाणा, केळं?"

"शिवत न्हाई."

डॉक्टरांनी चादर थोडी सरकवली. पोटाच्या उजव्या बाजूला टाक्यांचा व्रण होता. "हे कधीचं?"

"गेल्या दसऱ्याला," वडील म्हणाले. "पोट दुखत व्हतं लई. अपेंडिस काढलं. काढल्यावर डाक्टर म्हनले, तसं काय खराब न्हवतं." मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "मी त्या दिवशी त्येच सांगत हुतो ताई."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते लघवीच्या पिशवीपाशी खाली बसले, नर्सकडून एक स्वच्छ काचेची बाटली मागून घेतली, त्यात थोडी लघवी काढली आणि बाटली खिडकीत, भर उन्हात ठेवली. साधी पिवळी होती.

"ते इंजेक्शन द्यायचं नाही," ते ड्यूटीच्या डॉक्टरला म्हणाले. "हिच्या ह्या गोळ्याही बंद. सलाईनमधून ग्लुकोज चालू कर. भरपूर."

"सर, फिट परत आली तर? जबाबदारी कुणाची?"

"दुसरं एक औषध आहे, ते चालेल. सांगतो. जबाबदारी माझी, लिहून देतो."

"पण तुमचं डायग्नोसिस काय आहे?"

डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. पोर्फिरिया. आम्ही दोघांनीही ते परीक्षेपुरतं पाठ केलेलं. रक्तातला लाल रंग तयार होताना शरीरात एक पायरी अडते, उपास घडला किंवा काही ठरावीक औषधं पोटात गेली की विष साठत जातं. आधी पोट दुखतं, मग मन बिघडतं, मग हातपाय जातात, शेवटी श्वास. तेच विष लघवीत उतरतं आणि लघवी उन्हात ठेवली की लाल होते. त्या ठरावीक औषधांत माझ्या गोळ्या होत्या. आणि त्या तरुणाच्या हातातलं इंजेक्शन तर यादीत पहिलं.

"तुम्हाला खात्री आहे, सर?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पण मी चुकलो तर साखर जाईल. तुम्ही दोघं चुकलात तर मुलगी जाईल."

ग्लुकोज चालू झालं. आम्ही तिघं त्या खोलीत उभे. पहिल्या पंधरा मिनिटांत बाटलीला काही झालं नाही. ड्यूटीचा डॉक्टर घड्याळ बघत होता, सिरिंज अजून ट्रेमध्येच होती. मुलीच्या उजव्या गालाची कड एकदा उडाली आणि त्याचा हात ट्रेकडे गेला. "थांब," डॉक्टर म्हणाले. मी मनात म्हणत होते, हा म्हातारा चुकला असेल तर? आणि त्याच वेळी, तो चुकला असेल तर माझं बरोबर ठरेल, असाही एक विचार येऊन गेला. तो विचार मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून सरळ आत येत होतं. अर्ध्या तासानं बाटलीतला पिवळा रंग मळल्यासारखा झाला. तासाभरात तो तांबूस झाला, आणि मग आमसुलाच्या पाण्यासारखा गडद लाल. ड्यूटीच्या डॉक्टरनं सिरिंज उचलली आणि कचऱ्यात टाकली. वडिलांनी बाटलीकडे बघून हात जोडले, तेव्हा डॉक्टर खेकसले, "हात नका जोडू. ही देवी नाही, लघवी आहे. आता दुसरी बाटली भरून काळ्या कागदात गुंडाळून लॅबला पाठवायची आहे."

पण एवढ्यानं संपलं नव्हतं. दुपारी तिचा आवाज बारीक व्हायला लागला. डॉक्टर उशाशी स्टूल घेऊन बसले आणि तिला म्हणाले, "बाळ, खोल श्वास घे आणि एका दमात आकडे मोज. जमेल तेवढे." ती एकवीसपर्यंत गेली. तासाभरानं सतरा. पाच वाजता बारा. श्वास देणारं यंत्र त्या हॉस्पिटलमध्ये नव्हतं. ते असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात खाट राखून ठेवली, ॲम्ब्युलन्स दारात उभी केली. दहाच्या खाली गेली की हलवायचं, असं ठरलं. बाहेर कुठल्याशा मंडळाच्या मांडवात आरती चालू होती आणि आत ती मुलगी ओठांनी मोजत होती. अकरा. पुन्हा अकरा. मला आयुष्यात कुठल्याही आकड्याची एवढी भीती वाटलेली नाही. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि पहिल्यांदाच मला कळलं की हा माणूस उगाच नखं आणि जीभ बघत बसत नव्हता. त्याला माणूस हातातून निसटायची भीती वाटायची. रोज, प्रत्येकाची. मला ती वाटत नव्हती, म्हणून मी एवढी झटपट होते.

ॲम्ब्युलन्स लागली नाही. दोन दिवस आकडा अकरा-बाराच्या मध्ये अडकून राहिला आणि दसऱ्याच्या सकाळी ती चौदा म्हणाली. आईनं हुश्श करून खाली बसकण मारली. लॅबचा कागद नंतर आला, डॉक्टरांचं बरोबर होतं. ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. खोली रिकामी कर, असंही म्हणाले नाहीत. मी स्वतःच किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा म्हणाले, "पळून जाणं सोपं आहे. तुला देव मान्य नाहीत, मलाही नाहीत. पण पेशंटच्या पोटाला नवरात्र ठाऊक असतं, ते विचारायला देव मानावा लागत नाही. किल्ली उचल. आणि ती बरी झाली की तिच्या घरच्यांना काय झालं ते तू सांगायचं. मी नाही."

तीन महिन्यांनी ती आली. जिना चढायला वडिलांनी धरलं होतं. पावलं आपटत टाकत होती, हाताच्या मुठी अजून वळत नव्हत्या. कंपनीनं जागा राखून ठेवली होती, पण बोटांना कीबोर्ड कधी जमेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टर तिला माझ्या खोलीत घेऊन आले आणि स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. मी उभी राहिले. रात्रभर पाठ केलेली वाक्यं विसरले. म्हणाले, "माझं चुकलं. मी तुमचं ऐकून घेतलं नाही, जेवणाचं विचारलं नाही, आणि दिलेल्या औषधानं तिचं जास्त बिघडलं."

वडिलांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ताई, हिला लई जनांकडं नेली. देवरुशी झाला, पोट फाडनारा झाला. चुकलो म्हननारं मानूस आज पयल्यांदा बगतोय." एवढं बोलून त्यांनी मला नमस्कार केला. मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं.

मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती. "मॅडम, माझा तो कागद आहे का? पहिल्या दिवशीचा?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दाखव. तिचाच आहे."

मी कपाटातून कागद काढून दिला. तिच्या बोटांत तो राहिना, दोनदा खाली पडला. "तुम्हीच वाचा," ती म्हणाली.

मी वाचायला लागले. वय, शिक्षण, झोप, भास. इंग्रजीत लिहिलेलं मराठी करून वाचत होते. एका ओळीपाशी मी थांबले. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण वाच."

"पोटदुखीची तक्रार," मी वाचलं. "लक्ष वेधून घेण्यासाठी."

खाली ठोकाठोक चालू होती. वडिलांना नीट समजलं नाही, ते एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. तिला समजलं.

"चार दिवस दुखत होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "घरी नाही सांगितलं. व्रतात दुखलं म्हणजे देवीचा कोप झाला, म्हणाले असते. ऑफिसमध्येपण नाही. तुम्ही शिकलेल्या होतात, लेडी डॉक्टर होतात. तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं मी."

माझ्या आत्याआजीनंही असंच कुणाला तरी पहिल्यांदा सांगितलं असेल, आणि त्यानंही असंच मनात काही लिहून घेतलं असेल, एवढंच डोक्यात आलं आणि मी खाली बसले.

डॉक्टरांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि तिला म्हणाले, "आता सांग, बाळ. पहिल्यापासून. ही मध्ये बोलणार नाही."

ती तासभर बोलली.